पाच लिटरचं माप

‘मशीन खोटं बोलत नाही, खोटं माणूस बोलतो.’ बऱ्हाणपुरात निवडणुकीचा विषय निघाला की कोणी ना कोणी हे वाक्य टाकतो आणि बोलणं तिथेच थांबतं. 17 जुलै 2022 रोजी नगर निगमचा निकाल लागला, त्या दिवशी तर ते नाक्यानाक्यावर ऐकू येत होतं. महापौरपदाच्या लढतीत भाजपच्या माधुरी पटेल काँग्रेसच्या शहनाज अन्सारी यांच्यापेक्षा 542 मतांनी पुढे राहिल्या. लाखाहून जास्त मतं पडलेल्या शहरात 542. म्हणजे 272 मतदारांनी मत फिरवलं असतं, तर शहराचा महापौर बदलला असता.

तो निकाल चुकीचा होता असं मला म्हणायचं नाही. तसा कसलाही पुरावा नाही, आणि पुरावा नसताना निवडून आलेल्या माणसावर शिंतोडे उडवणं मला मान्य नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या दिवशी कोणाला, अगदी जिंकणाऱ्यालाही, त्या 542 ची शहानिशा करायची असती तर हातात काय होतं? कंट्रोल युनिटच्या पडद्यावरचा आकडा, एवढंच. राज्य निवडणूक आयोगाच्या त्या मशिनांना व्हीव्हीपॅट, म्हणजे मताची कागदी चिठ्ठी छापणारं यंत्र, जोडलेलं नव्हतं. मतदाराने महापौरासाठी एक आणि नगरसेवकासाठी एक अशी दोन बटणं दाबली, बीप ऐकला आणि तो घरी गेला. त्याच्या मताचा कागद कुठेच उरला नाही. ‘पुन्हा मोजा’ म्हटलं तर त्याच मशीनला तोच आकडा पुन्हा दाखवायला सांगायचं.

मशिनांच्या बाजूने जे जे बोललं जातं त्याला मला एकेक करून उत्तर द्यायचं आहे. त्याआधी ‘मशीन खोटं बोलत नाही’ या वाक्याची किंमत कोण मोजतं ते सांगतो.

आमच्या शेजारच्या काकूंची विधवा पेन्शन बँकेत जमा होते. बँक लांब पडते, म्हणून त्या जवळच्या कियोस्कवर अंगठा लावून पैसे काढतात. दोन वर्षांपूर्वी एकदा मी त्यांच्यासोबत होतो. काकूंनी अंगठा पदराला पुसला आणि काचेवर ठेवला. तांबडा उजेड लागला. कियोस्कवरचा पोरगा म्हणाला, ‘‘नहीं लगा काकी, फिर से लगाओ.’’ त्यांनी पुन्हा लावला. हजार रुपये हातात आले, आम्ही निघालो. महिन्याभराने पासबुकावर नोंदी छापून घेतल्या तेव्हा त्याच दिवशी, दोन मिनिटांच्या अंतराने, हजार-हजार दोनदा निघालेले दिसले. काकूंना मोबाइलवर मेसेज येत नाही आणि पावती त्या दिवशी कोणी दिली नव्हती. जाब विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, ‘‘मशीन में आपका अंगूठा है, मशीन झूठ थोड़े ही बोलेगा.’’

मशीन खरोखरच खोटं बोललं नव्हतं. अंगठा दोनदा लागला होता आणि तशी दोनदा नोंद झाली होती. लबाडी मशीन आणि माणूस यांच्या मधल्या जागेत झाली होती, आणि ती उघडी पडली ती पासबुकावरच्या छापील ओळीमुळे. पासबुक नसतं तर काकूंचा शब्द आणि मशीनचा शब्द एवढंच समोरासमोर राहिलं असतं. अशा वेळी कोणाचा शब्द खरा धरला जातो हे गरिबाला सांगावं लागत नाही. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? आपल्या देशात जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे सिलिकॉनचे साचे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं पोलिसांनी उघड केलेली आहेत. म्हणून आधारमधला बायोमेट्रिक ‘लॉक’ करून ठेवा असं आता सरकारी यंत्रणाच सांगतात.

आता मुख्य मुद्द्यांकडे येतो.

पहिला मुद्दा: ईव्हीएम इंटरनेटला जोडलेलं नाही, त्यात वायफाय नाही, ब्लूटूथ नाही, मग ते हॅक कसं होणार? यातलं पहिलं अर्ध खरं आहे. पण त्यातून दुसरं अर्ध निघत नाही. पेट्रोल पंपाचं उदाहरण घ्या. 2017 साली उत्तर प्रदेशच्या एसटीएफने लखनऊमध्ये आणि त्यानंतर ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रात ठिकठिकाणी पंपांवर छापे घातले. किती तेल वाहिलं ते मोजून पडद्याला कळवणारा पल्सर नावाचा भाग असतो. त्याच्याशी आणि आतल्या चिपशी छेडछाड केलेली सापडली. पडद्यावर पूर्ण लिटर दिसायचा, टाकीत कमी पडायचं. ही लबाडी इंटरनेटवरून झालेली नव्हती. पंपावर नापतौल विभागाचं सील असतं, दरवर्षी तपासणी होते, आणि तरीही हे झालं. ज्याला मशीनपर्यंत पोचता येतं त्याला तारेची गरज नसते.

ईव्हीएमच्या बाबतीतही ही गोष्ट करून दाखवली गेली आहे. 2010 साली हैदराबादचे तंत्रज्ञ हरी प्रसाद, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे जे. अॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंगग्रीप यांच्या गटाने एका खऱ्या भारतीय मशीनचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आतला डिस्प्लेचा भाग काढून हुबेहूब तसाच दिसणारा, पण खोटा आकडा दाखवणारा भाग बसवला. दुसऱ्या प्रयोगात स्मृतीच्या चिपवर चिमट्यासारखं उपकरण लावून नोंदलेली मतं बदलून दाखवली. ते मशीन मुंबईतल्या सरकारी ताब्यातलं होतं, आणि त्या चोरीच्या आरोपावरून ऑगस्ट 2010 मध्ये हरी प्रसाद यांना अटक झाली. ते मशीन जुन्या पिढीचं होतं. आजच्या एम-3 मशीनमध्ये उघडायचा प्रयत्न झाला की काम बंद पडण्याची सोय आहे, भागांनी एकमेकांना ओळखण्याची सोय आहे. ही सुधारणा मी नाकारत नाही. पण ती सुधारणा करावी लागली, यातच ‘मशीनला कधीच काही होऊ शकत नाही’ या दाव्याचं उत्तर आहे. शिवाय ते मशीन सरकारी गोदामातून बाहेर गेलं होतं ही गोष्टही विसरून चालणार नाही.

दुसरा मुद्दा: चिपमध्ये प्रोग्राम एकदाच लिहिता येतो, नंतर बदलता येत नाही. ठीक. पण पहिल्यांदा काय लिहिलं ते कोणी पाहिलं? लिहिणाऱ्या बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने आणि हैदराबादच्या ईसीआयएलने पाहिलं, आयोगाच्या तज्ज्ञ समितीने पाहिलं. मी पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलेलं नाही, आणि दाखवलं तरी आपल्याला कळणार नाही. संगणकशास्त्रातले दिग्गज केन थॉम्प्सन यांनी 1984 मध्येच ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिलं होतं, की जो प्रोग्राम तुम्ही स्वतः पूर्णपणे लिहिलेला नाही, त्याचा मजकूर वाचून त्याची खात्री पटत नाही. शिवाय उमेदवारांची नावं आणि चिन्हं व्हीव्हीपॅटमध्ये मतदानाच्या काही दिवस आधी भरली जातात, सिम्बॉल लोडिंग युनिट नावाच्या उपकरणातून. त्यांचा उगम संगणकातच असतो. हे उपकरण महत्त्वाचं आहे हे सर्वोच्च न्यायालयानेही मानलं. 26 एप्रिल 2024 च्या निकालात न्यायमूर्ती संजीव खन्ना आणि दीपांकर दत्ता यांनी ही युनिटं सीलबंद करून निकालानंतर 45 दिवस जपून ठेवायला सांगितली.

तिसरा मुद्दा सुरक्षेचा. मशिनं स्ट्राँगरूममध्ये, दारावर सील, बाहेर सशस्त्र पहारा, वर कॅमेरे. 2018 च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच मध्य प्रदेशात काय झालं ते आठवा. 30 नोव्हेंबरला भोपाळच्या स्ट्राँगरूमवरचे कॅमेरे आणि त्यांचा पडदा तासाभराहून जास्त वेळ बंद होता. वीज गेली होती, असं आयोगाने सांगितलं. सागर जिल्ह्यात काही मशिनं मतदानानंतर दोन दिवसांनी मुख्यालयी पोचली. ती राखीव होती, मतदानात वापरलेली नव्हती, असा खुलासा झाला. मी दोन्ही खुलासे खरे मानायला तयार आहे. पण मला ते मानावे लागतात, तपासता येत नाहीत. पुढच्या वेळी खरंच कोणी हात मारला, तरी खुलासा याच शब्दांत येईल. तेव्हा दोघांतला फरक आपल्याला कशावरून कळणार?

आपल्या शहराला तर हे नव्याने शिकायची गरज नाही. इथून जवळच असीरगड उभा आहे. दख्खनचा दरवाजा म्हणायचे त्याला. अकबराच्या फौजेने महिनोन्‌महिने वेढा घातला आणि जानेवारी 1601 मध्ये गड हाती आला. जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांताप्रमाणे आतल्या सरदारांना सोनं चारून तो फोडला, अबुल फजलच्या म्हणण्याप्रमाणे आत रोगराई पसरली. पण मुख्य तटाला तोफेने भगदाड पडून गड गेला असं दोघांपैकी कोणीही म्हणत नाही. इथली पोरंसोरंसुद्धा फितुरीची गोष्ट ऐकतच मोठी होतात. मग मतपेटीची गोष्ट निघाली की आपण फक्त तटाची उंची का मोजत बसतो?

चौथा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे आणि त्याला मान द्यायला हवा. लोकसभा-विधानसभेला व्हीव्हीपॅट असतं, मतदाराला सात सेकंद आपली चिठ्ठी दिसते, आणि 8 एप्रिल 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेनंतर 288 मतदारसंघांत 1440 व्हीव्हीपॅट मोजले आणि एकातही फरक आढळला नाही, असं आयोगाने जाहीर केलं. ही माहिती मोलाची आहे. सगळ्या मशिनांत गडबड आहे असं जे ओरडतात त्यांनी या आकड्याला उत्तर द्यायला हवं.

पण पाच हा आकडा किती पुरतो, हे हिशेब करून बघा. समजा एका मतदारसंघात 300 केंद्रं आहेत आणि त्यांपैकी 30 केंद्रांत गडबड आहे. सोडत काढून पाच केंद्रं उचलली तर त्यांत एकही बिघडलेलं केंद्र न येण्याची शक्यता शंभरात 59 आहे. म्हणजे अर्ध्याहून अधिक वेळा चोर हातावर तुरी देऊन जाणार. हीच मोजणी 30 केंद्रांची केली तर सुटण्याची शक्यता शंभरात चारहूनही कमी होते. राज्यभराच्या 1440 मशिनांवरून सगळीकडे एकसारखी गडबड झालेली नाही हे नक्की कळतं. मात्र एखाद्या ठिकाणी थोड्या मतांनी लागलेल्या निकालाला त्यातून हमी मिळत नाही. म्हणून किती चिठ्ठ्या मोजायच्या हे जिंकण्याच्या फरकावर ठरायला हवं. फरक मोठा तर थोड्या पुरतील. फरक 542 असेल तर जवळजवळ सगळ्या. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात 2017 पासून अशीच पद्धत आहे.

आणि बऱ्हाणपूरच्या महापौर निवडणुकीत तर पाचही नव्हते. शून्य होते. सर्वोच्च न्यायालयाने 8 ऑक्टोबर 2013 च्या निकालात मुक्त आणि निष्पक्ष निवडणुकीसाठी कागदी माग अपरिहार्य आहे असं म्हटलं. मग ही अपरिहार्यता नगर निगमच्या दारात येऊन का थांबते? राज्य आयोग घटनेने वेगळा आहे, त्याचे नियम वेगळे आहेत, हे कायद्याचं उत्तर झालं. पण मतदार तोच आहे, बोट तेच आहे, त्या बोटावरची शाईही तीच आहे. आणि नळाला पाणी किती वाजता येणार, गटार कधी निघणार, हे ठरवणारी सत्ता खासदारापेक्षा नगरसेवकाच्या हातात जास्त असते. जिथे फरक सर्वांत कमी मतांचा असतो, तिथेच कागद नाही, हा उलटा न्याय आहे.

पाचवा मुद्दा: हरलेलेच तक्रार करतात. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने हा मुद्दा खोडून काढला आहे. 2024 च्या विधानसभेत त्या गावाने ज्यांना मानलं ते उत्तम जानकर मतदारसंघातून निवडून आले होते. पण गावातल्या केंद्रांवर त्यांच्यापेक्षा राम सातपुते यांना जास्त मतं दिसली, आणि गावकऱ्यांना ते पटेना. त्यांनी स्वतःच्या खर्चाने, कागदाच्या चिठ्ठ्यांवर गावापुरतं मतदान घेऊन बघायचं ठरवलं, 3 डिसेंबरला. प्रशासनाने जमावबंदी लावली, बेत रद्द झाला आणि गुन्हे दाखल झाले. तसं मतदान कायदेशीर नव्हतं आणि त्यातून काही सिद्धही झालं नसतं, कारण माणूस दुसऱ्यांदा वेगळं मत देऊ शकतो. ते मला मान्य आहे. पण गावाला शंका आली तेव्हा दाखवण्यासारखं प्रशासनाच्या हातात काहीतरी असायला हवं होतं. त्या गावच्या केंद्रांतल्या चिठ्ठ्या सीलबंद पडल्याच होत्या. पंचांसमोर त्या मोजून दाखवल्या असत्या तर एका दुपारीत प्रश्न संपला असता, एका बाजूने किंवा दुसऱ्या बाजूने. गावाने आरसा मागितला आणि त्याला पोलीस दाखवले.

हरणाऱ्याची तक्रार ऐकून घेणं हेच तर मतमोजणीचं काम आहे. जिंकणाऱ्याची खात्री आधीच पटलेली असते, पटवायची असते ती हरणाऱ्याची. हरियाणात पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावच्या सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर 2022 मध्ये झाली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने मशिनं आपल्या आवारात मागवून 6 ऑगस्ट 2025 रोजी मतं पुन्हा मोजून घेतली. आधी हरलेला उमेदवार 51 मतांनी जिंकलेला निघाला. तिथे मशीन बिघडलं नव्हतं. एका केंद्रावरचे आकडे उमेदवारांच्या नावापुढे उलटसुलट लिहिले गेले होते. तेवढ्या चुकीने गावाने पावणेतीन वर्षं दुसऱ्याच माणसाला सरपंच मानलं. ‘हरला म्हणून रडतोय’ म्हणून त्या माणसाला गप्प बसवलं असतं तर?

शेवटचा मुद्दा भीतीचा आहे: मग काय, परत ठप्पा आणि मतपत्रिका? परत केंद्रं लुटायची? नाही. मध्य प्रदेश हे ईव्हीएम वापरणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी आहे. नोव्हेंबर 1998 मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्लीतल्या 16 मतदारसंघांत ही मशिनं आली तेव्हा लोकांनी त्यांचं स्वागत केलं, आणि त्याला कारण होतं. मिनिटाला चारच मतं घेणाऱ्या मशीनवर एका झटक्यात गठ्ठे मारता येत नाहीत. ते चांगलं आहे, ते राहू द्या. मशीनने मोजावं आणि कागदाने तपासावं, एवढंच मागणं आहे. यंत्रमागावरच्या मीटरने लांबी दाखवली तरी व्यापारी ताका उलगडून पुन्हा मापतोच. म्हणून कोणी यंत्रमाग बंद करत नाही. आणि कागदाचा तुटवडा असल्याचं तरी आपल्याला कोणी सांगू नये, देशातला पहिला वर्तमानपत्री कागदाचा कारखाना आपल्याच जिल्ह्यातल्या नेपानगरला उभा राहिला.

आता दोन शब्द माझ्या बाजूच्या लोकांना. निकाल विरोधात गेला की ‘मशीन सेट आहे’ आणि आपला माणूस आला की गप्प, असं करणाऱ्यांनी या प्रश्नाचं सर्वांत मोठं नुकसान केलं आहे. जानेवारी 2019 मध्ये लंडनच्या एका पत्रकार परिषदेत एकाने चेहरा झाकून 2014 ची सगळी निवडणूक हॅक झाल्याचा दावा केला. पुरावा एकही दिला नाही. पण त्यानंतर कोणी साधा प्रश्न विचारला तरी त्याला त्याच रांगेत बसवणं सोपं झालं. मशिनांत गडबड झाली असं माझं म्हणणं नाही. झाली नाही हे दाखवता आलं पाहिजे, असं म्हणणं आहे.

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने 3 मार्च 2009 रोजी मतदानयंत्रांविषयी एक कसोटी घालून दिली: मतदान आणि मोजणीतल्या महत्त्वाच्या पायऱ्या खास तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही तपासता आल्या पाहिजेत. ती कसोटी जर्मनीची असली तरी बऱ्हाणपूरच्या विणकराला चपखल बसते. त्याला चिप कळत नाही, पण चिठ्ठ्यांचे दोन ढीग मोजता येतात, आणि लोकशाहीत तेवढं पुरायला हवं.

पेट्रोल पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवावंच लागतं आणि कोणीही गिऱ्हाईक ते मागू शकतो. आपल्यासमोर मापात तेल ओततात. पाच लिटरला 25 मिलीपेक्षा जास्त कमी भरलं तर पंप दोषी. ते मागणाऱ्याला कोणी देशद्रोही म्हणत नाही, पंपवाला फार तर तोंड वाकडं करतो. दहा जणांतला एकच ते माप मागतो, पण तो मागू शकतो म्हणून उरलेल्या नऊ जणांना तेल पूर्ण मिळतं.

नगर निगमची पुढची निवडणूक 2027 मध्ये येईल. तेव्हा राज्य निवडणूक आयोगाकडे शहराने तीन गोष्टी मागाव्यात. प्रत्येक केंद्रावर व्हीव्हीपॅट असावं. फरक जितका कमी, तितक्या जास्त चिठ्ठ्या त्याच दिवशी, उमेदवारांसमोर मोजाव्यात. आणि मशीन व चिठ्ठी जुळली नाही तर त्या केंद्रावर थांबू नये, मोजणी पुढे न्यावी. यात एकाही पक्षाचं नुकसान नाही. 2022 मध्ये हे असतं तर 542 मतांनी जिंकलेल्या महापौरांनाही ते पाच वर्षं उपयोगी पडलं असतं, कारण कोणीही बोट दाखवलं की त्यांना मोजलेल्या चिठ्ठ्या पुढे करता आल्या असत्या.

काकू अजूनही त्याच कियोस्कवर जातात. दुसरं जवळ काही नाही. पण आता पैसे मोजून घेतल्यावर त्या तिथून हलत नाहीत. हात पुढे करून म्हणतात, ‘‘पर्ची दे बेटा.’’ पोरगा पर्ची देतो.